तिसऱ्या अंकातलं कोशोक

तालास, १४ सप्टेंबर २००२

माझी मानलेली धाकटी बहीण नेली हिला सोनुन एजेचा सलाम.

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? जर्मनीतल्या थंडीला ती सरावली का? उत्तराला उशीर झाला, त्याला कारण राजमा. तू गेलीस तेव्हा लोक नुकते लावायला लागले होते, आता सगळ्या खोऱ्यात दुसरं पीक दिसत नाही. आपली अख्खी नाटक मंडळी शेंगा झोडपायला शेतावर होती, म्हणून हंगामाची बैठक दोनदा पुढे ढकलली. शेवटी परवा झाली. अध्यक्ष आपले दिग्दर्शक झापर बायके, आणि त्यांच्या केसांत अजून भुसा.

तुला ठाऊकच आहे, आपल्या पाटीवर ‘संगीत नाट्यगृह’ असं लिहिलेलं आहे आणि गेले तीन हंगाम आपण संगीतातलं काहीच केलेलं नाही. आता वरच्या कचेरीतून निरोप आलाय, की मार्चमधल्या नौरोजपर्यंत एक संगीत नाटक उभं करा, नाहीतर पाटी उतरवा, तिथे लग्नाचा हॉल करू. झापर बायके म्हणाले, लग्नाला निदान लोक तरी येतील. कुणी हसलं नाही.

समोर तीन नाटकं होती. एक राजधानीने सुचवलेलं परदेशी. त्यात नाचणाऱ्या मुलींचा ताफाच्या ताफा लागतो. आपल्याकडे चौघी, त्यांतली एक गरोदर आणि एक मी. दुसरं वीराचं. त्यात रंगमंचावर खरा घोडा येतो, पण घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. वीराचं नाव नेमकं नुरिलाच्या सासऱ्याचं. नुरिला म्हणजे कोरसमध्ये शेवटी उभी राहायची ती लाजरी मुलगी, आता तीच आपली नायिका. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेईल कशी? वाचनाला बसलो तर प्रेमाच्या गाण्यातसुद्धा ती ‘अहो डोंगराकडचे, जवळ या ना’ असं गाऊ लागली. झापर बायकेंनी वही मिटली. तिसरं नाटक कचेरीतल्या साहेबांच्या मेहुण्याने लिहिलंय. त्याची गाणी टेपवर आहेत, आपण नुसते ओठ हलवायचे.

आता तू सुचव. आपल्या कपाटात काय काय पडलंय ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पियानो आहे तसाच आहे. शाळेतल्या गाण्याच्या बाई वाजवतात, आणि ज्या पट्ट्या मुक्या आहेत तिथे तोंडाने सूर काढतात.

मेदेर मजेत आहे. पोराला रशियात कामाचा रेटा फार, तेव्हा लिहायला कुठून वेळ मिळणार. मी एकटी असले तरी काळजी करू नकोस, आजूबाजूला चार घरं आहेत.

तुझी,
सोनुन एजे


डेटमोल्ड, ६ ऑक्टोबर २००२

प्रिय सोनुन एजे,

तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘डोंगराकडचे’पाशी ती इतकी हसली, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काठी आपटली. दुपारी इथे हसायचं नसतं. एक ते तीन या वेळात पियानो वाजवायचा नसतो, कपडे धुवायचे नसतात आणि मोठ्याने शिंकलेलंही फारसं आवडत नाही.

माझं बरं चाललंय. चर्चमध्ये वाजवते, थोड्या शिकवण्या आहेत.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. ‘खिंडीपलीकडे’ घ्या. माझं आहे म्हणून सांगत नाही. म्हणजे माझं आहे म्हणूनच सांगते. कासिम आतांनी गोष्ट आणि पदं लिहिली, मी चाली बांधल्या, तालीम तिसऱ्या अंकापर्यंत आली आणि तेवढ्यात आपला सोव्हिएत देशच उरला नाही. मग पगार गेले, मग आम्ही गेलो. नाटकाला लागतात सहा माणसं आणि एक पियानो. घोडा सगळा वेळ खिंडीपलीकडे असतो, दिसत नाही. मुलाचं नाव बेक्तुर आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे नुरिलाच्या सासरी कुणी बेक्तुर नाही.

मुख्य म्हणजे तिसऱ्या अंकातलं कोशोक. बेक्तुर बर्फात मेला असं धरून आई त्याच्यासाठी गाते आणि तो जिवंत परत येतो. ते मी तुमच्याच आवाजासाठी बांधलं होतं. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते बसायचं नाही.

आई परवा शेजारणीला कोशोक समजावत होती, की आमच्या तालासमध्ये किरगिझ लोकांत मयताच्या घरी घरची बाई भिंतीकडे तोंड करून बसते, लोकांकडे पाठ, आणि गेलेल्याचं नाव घेऊन गाते, शब्द तिथल्या तिथे जुळवते. शेजारीण विचारात पडली. म्हणाली, आणि आजूबाजूच्यांना त्रास नाही होत?

एजे, माझं एवढं एकच आहे. बाकी आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवत आले. ते एकदा लोकांसमोर व्हावं असं वाटतं.

तुमची,
नेली


तालास, २ नोव्हेंबर २००२

प्रिय नेली,

तुझं पत्र झापर बायकेंना दाखवलं. कपाटातून वही काढली. उंदरांनी कडा खाल्ल्यात, सूर शाबूत आहेत. सगळ्यांना आवडलं. गाण्याच्या बाईंनी पहिल्या अंकातलं गाणं वाजवलं तर नुरिला लगेच गुणगुणायला लागली.

पण मला वाटतं यंदा ते नको. एक तर गोष्ट जुनी. आता कळपामागे खिंडीत कोण जातं? दुसरं, माझा घसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. आणि राग मानू नकोस, तिसरा अंक जरा लांबलाय. ते कोशोक नसतं तर चाललं असतं. लोक नाटकाला हसायला येतात, रडायला त्यांना घर आहे.

तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, इथे आम्हाला रोजचं बघावं लागतं. साहेबांच्या मेहुण्याचंच करावं असं दिसतंय.

घराचं छप्पर शेजाऱ्यांनी दुरुस्त करून दिलं. मेदेर आला की बाकीचं बघेल.

सोनुन


डेटमोल्ड, २० नोव्हेंबर २००२

आदरणीय सोनुनबूबू,

आपलं पत्र मिळालं. निर्णय नाट्यगृहाचा आहे, त्यात मी बोलणार कोण.

एवढंच लिहायचं आहे. तालासमध्ये मी जन्मले, वाढले, आणि घराणं मूळचं जर्मन म्हणून सगळे मला जर्मन म्हणायचे. इथे आले तर सगळे मला रशियन म्हणतात. मी कुठेतरी नुसती नेली आहे असं वाटायचं ते आपल्या नाट्यगृहातल्या त्या कपाटामुळे. तिथे माझ्या अक्षरात एक वही पडून आहे, आणि एजे ती कधीतरी उघडतील. आता उघडली, आणि तिसरा अंक लांब निघाला.

तिसरा अंक लांब नाही. तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात, नेली, हे गाताना मला श्वास घ्यायला जागा दे, म्हणून मी ती जागा दिली. घसा बिघडलाय हेही मला खरं वाटत नाही. खरं काय ते सांगितलंत तर बरं होईल. मी लांब गेले म्हणून परकी झाले असेन तर तसं लिहा, मी पुन्हा विषय काढणार नाही.

मेहुण्याच्या नाटकाला शुभेच्छा.

नेली यान्झेन


तालास, १५ डिसेंबर २००२

नेली, माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तसंही माझ्याशी बोलायला घरात कुणी नाही, पण नाट्यगृहातही बोलले नाही. तू मला एजे म्हटलं नाहीस, थोरली बहीण मानलं नाहीस, परक्या बाईसारखं पूर्ण नाव लिहिलंस. ते लागलं, आणि लागावं म्हणूनच तू लिहिलंस, ठीक आहे.

मेदेर मजेत नाही. म्हणजे मजेत असेलही, मला माहीत नाही. मागच्याच्या मागच्या वसंतात तो क्रास्नोयार्स्कला लाकडाच्या वखारीवर गेला. पहिल्यांदा पत्रं आली, एकदा एका ड्रायव्हरबरोबर लोकरीची शाल आली. मग काही नाही. मी बस अड्ड्यावर जाऊन रशियातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. आता ड्रायव्हर मला बघून स्वतःच मान हलवतात, मला विचारावं लागत नाही. आपल्या खोऱ्यातली किती मुलं तिकडून पेटीत परत आली ते तुला काय सांगू. लोक विचारतात तेव्हा मी ‘तो मजेत आहे’ म्हणते. तुलाही तेच लिहिलं. एकदा म्हटलं की पुढे तेच म्हणावं लागतं.

मला सांग, मी कोशोक कशी गाऊ? ते जिवंत मुलासाठी गायचं नसतं. आई ज्या मुलासाठी गाते तो गेलेला असतो. मी तिथे बसून ‘माझ्या पोरा’ म्हणाले आणि त्याच घटकेला तिकडे त्याच्यावर ओंडका पडला तर? तू म्हणशील, एजे शिकलेल्या, त्यांनी असं बोलावं? शिकलेली आहे, पण आई आधी आहे. बेक्तुर परत येतो कारण कासिम आतांनी तसं लिहून ठेवलंय. माझ्या मुलाचं कुणी लिहून ठेवलंय?

तालमीत एकदा तोंड उघडून पाहिलं. पहिल्या सुरानंतरच वही बाईंना परत दिली. झापर बायकेंना मी खोटंच सांगितलं, की अंक लांबलाय.

तिसरा अंक लांब नाही. तुझ्या चालीत श्वास घ्यायला जागा आहे, ती अजून तिथेच आहे.

तुझी एजे


डेटमोल्ड, ३ जानेवारी २००३

माझ्या एजे,

मला मारा. जवळ असते तर तुमच्या पायाशी येऊन बसले असते. तुम्ही अड्ड्यावर उभ्या राहत होतात आणि मी इथे माझ्या वहीचं रडगाणं गात होते.

कोशोक काढून टाका. सोबत चार पानं पाठवते. तिथे आईने नुसतं भिंतीकडे तोंड करून बसायचं, गायचं काहीच नाही, आणि पियानोने एकट्याने चालायचं. मुक्या पट्ट्या मला पाठ आहेत, त्या टाळूनच लिहिलंय. नाटक तुम्हाला हवं असेल तर घ्या, नको असेल तर मेहुण्याचं करा. माझा खरंच आता हट्ट नाही.

तुम्ही खरं लिहिलंत तर मीही लिहिते. चर्चमध्ये मी वाजवत नाही. तिथे एक तरुण आहे, चांगला वाजवतो. मी वृद्धाश्रमात कपड्यांच्या खोलीत काम करते. चादरींच्या घड्या घालते. घरी पियानो नाही, वरच्या बाईंचं मी रंगवून सांगितलं. त्या बाई खऱ्या आहेत, पियानो खोटा आहे. तुमची ही चार पानं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांनी वाजवून लिहिली.

आईला छातीत पाणी झालंय. ती दिवसभर किरगिझ बोलते. डॉक्टर मला विचारतात, या काय म्हणतात? मी सांगते, पाणी मागतायत. खरं तर ती त्यांच्या नाकाबद्दल बोलत असते.

नेली


तालास, १० फेब्रुवारी २००३

नेली,

मेदेर जिवंत आहे.

बाजारात चिनी चपला विकणारी एक बाई आहे, आयमकान. माल विकायला क्रास्नोयार्स्कपर्यंत जाऊन आली. तिथल्या बाजारात तिने त्याला पाहिलं. हाक मारली, तो थांबला. अंगाने भरलाय म्हणे. एका रशियन बाईबरोबर राहतो, तिला आधीची दोन मुलं आहेत, धाकटं त्याच्या खांद्यावर बसलेलं होतं. आयमकानने त्याला विचारलं, आईला काय सांगू? तो म्हणाला, ‘सांग, दिसला नाही.’

आयमकान अड्ड्यावरून थेट माझ्याकडे आली आणि तिने मला सगळं सांगितलं. हेसुद्धा सांगितलं. म्हणाली, मी पण आई आहे, मला असलं पोटात ठेवता येत नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी रीतीप्रमाणे सात रोट्या तळल्या, शेजारी वाटल्या, कशाबद्दल ते सांगितलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी उठले आणि करायला काही नव्हतं. अड्ड्यावर जायचं नव्हतं, कुणाला विचारायचं नव्हतं. भीती होती तोपर्यंत घरात कुणीतरी असल्यासारखं होतं, नेली. आता खरोखरच एकटी झाले.

मग मी झापर बायकेंना जाऊन सांगितलं, ‘खिंडीपलीकडे’ घेऊ या, कोशोकासकट, मी गाते. म्हणाले, घसा? मी म्हटलं, सुधारला. आता अपशकुन कसला आणि कुणाला? तो मेलेला नाही, सुखात आहे, दुसऱ्याची मुलं खांद्यावर घेऊन बाजार करतोय.

तुझी चार पानं चांगली आहेत. पण मला गायचंय. मुलगी सासरी निघाली की आईने गायचं कोशोक आपल्यात आहे, नवरा गेला की बायकोने गायचं आहे. मुलगा धडधाकट असून येत नाही त्याच्यासाठी वाडवडिलांनी काही करून ठेवलेलं नाही. त्यांना तशी गरजच पडली नसावी. मी आपली बेक्तुरच्या नावाने गाईन, तुझ्याच चालीवर.

मला आता काही वाटत नाही. तू काळजी करू नकोस.

आईला सांग, डॉक्टरच्या नाकाबद्दल मला लिही म्हणावं.

सोनुन एजे


डेटमोल्ड, २४ फेब्रुवारी २००३

प्रिय एजे,

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी आईला पोचवलं.

सगळं फार नीट झालं. पाद्री चांगलं बोलले. मग सगळ्यांनी केक खाल्ला, कॉफी घेतली, घड्याळ पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन ‘खूप शांतपणे गेल्या’ असं म्हणाले. कुणीही मोठ्याने रडलं नाही. मला वाटत होतं भिंतीकडे तोंड करून बसावं आणि तिचं नाव घ्यावं. पण हॉल भाड्याचा होता, भिंतीला खुर्च्या लावलेल्या. मी कपबशा गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. धुलाईची मोठी यंत्रं सुरू झाली की तिथे काही ऐकू येत नाही, तेव्हा त्या आवाजाखाली थोडं गायले. शब्द सुचेनात. माझ्या भाषा तीन, त्यांतली एकही आली नाही.

मेदेर सुखरूप आहे हे वाचून मी खुर्चीत बसून रडले, त्या दिवसातली ती एकच चांगली गोष्ट. मुलं अशीच असतात, एजे, स्वतःचं बस्तान बसलं की येतात. तुम्ही आता मोकळ्या झालात, मनावरचं ओझं उतरलं, ते तुमच्या अक्षरावरून दिसतं. मला बरं वाटलं.

कोशोक गा. चौथ्या ओळीला उतरताना घाई करू नका. नंतर मला सगळं लिहा, कुठे टाळ्या पडल्या तेसुद्धा. इथे आता पत्र वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून मोठं लिहिलंत तरी चालेल, मी पुरवून वाचीन.

नेली


तालास, ९ एप्रिल २००३

माझी नेली,

तुझ्या आईसाठी आम्ही सगळ्यांनी नाट्यगृहात हात पुढे करून दुवा मागितली. झापर बायकेंनी तिचं नाव घेतलं. तुला एवढं कळलेलं बरं.

आता प्रयोगाचं. तू रागावशील, पण मी आहे तसं लिहिते.

नौरोजच्या आधी पहिला प्रयोग झाला. नाट्यगृह भरलं होतं, कचेरीतले साहेब मेहुण्यासकट पहिल्या रांगेत. पहिल्या अंकात तुझं घोड्याचं गाणं झालं आणि लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. नुरिला इतकी छान गायली, की तिचा सासरा उठून उभा राहिला. टाळ्या तिथे पडल्या. दुसऱ्या अंकातही पडल्या. हे सगळं तुझं आहे, नीट वाच.

तिसऱ्या अंकात झापर बायकेंनी मला प्रेक्षकांकडे तोंड करून गायला बसवलं होतं. तालमीत मी तशीच बसायचे. त्या दिवशी पाय वळलेच नाहीत. मी भिंतीकडे तोंड केलं, रीत आहे तशी, आणि पहिली ओळ तुझ्या चालीवर उचलली. दुसऱ्या ओळीत बेक्तुरचं नाव यायचं होतं. माझ्या तोंडातून मेदेर निघालं.

निघालं ते निघालं. पुढे काय गायले ते मला धड आठवत नाही, नुरिलाने नंतर सांगितलं म्हणून लिहिते:

बर्फ वितळलं, वाट मी झाडली रे मेदेर,
झाडताना पाऊल तुझं एक नाही गवसलं.
परक्या चुलीला लाकडं फोडतोस रे मेदेर,
माझ्या हाताचे घट्टे तुला कुणी नाही दावले.

बाईंनी पियानो थांबवला. तुझी चाल मी गायलेच नाही, नेली. जी जुनी, कुणीही न बांधलेली असते, त्याच चालीवर गेले. मागच्या रांगांतून पुरुष मोठ्याने रडत उठले, मयताच्या दारात येताना रडतात तसे. मला वाटलं नाटक रंगलं.

बेक्तुरचं काम करणारा पोरगा विंगेत बसून रडत होता. म्हणाला, कोशोक झाल्यावर मी हसत हसत कसा जाऊ? झापर बायकेंनी त्याला ढकललं. तो आत आला, ‘आई, मी आलो’ म्हणाला, आणि कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. पडद्यानंतर साहेबांनी माझे दोन्ही हात धरले आणि निघून गेले. मेहुणाही टोपी काढून उभा. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सकाळी अंगणात आवाज ऐकू आले. बाहेर आले तर शेजारी मयताचा तंबू उभारत होते. फाटकातून बायका रडत आत येत होत्या. कुणी मेंढी आणलेली, कुणी पीठ, कुणी साखर. मी म्हटलं, अगं, तो जिवंत आहे. आयमकानला विचारा. त्यांनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, हो हो, रड, सोनुन, रड. झापर बायके आले, त्यांनी शपथ घेऊन सांगितलं. लोकांना वाटलं, माझ्या समजुतीसाठी बोलतायत. आयमकान माल घेऊन पुन्हा रशियात गेलेली. दुपारपर्यंत माझं म्हणणं कुणालाच पटलं नाही. शेवटी एक म्हातारी, डोंगरापलीकडून गाढवावर आलेली, माझ्यासमोर बसली. म्हणाली, ‘जिवंत आहे तर नाव कशाला घेतलंस?’

मी तिच्यापुढे चहाचा वाडगा सरकवला. तिने तो तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘माझेपण दोघं तिकडेच आहेत,’ आणि डोळ्यांना डोईच्या रुमालाचं टोक लावलं.

मेंढी कापून झाली होती. आता परत कुठे न्यायची, म्हणून सगळे जेवले. माझं घर त्या दिवशी भरलेलं होतं, नेली. बायका चुलीपाशी भांडत होत्या, मिठाचा डबा कुणाला सापडत नव्हता. मी मधे बसले होते आणि मला हलू देत नव्हते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी तंबू उतरवला, लोक गेले, आणि मी डबा जागेवर ठेवला.

पण बातमी बसमध्ये चढली होती. आठवड्याच्या आत ती क्रास्नोयार्स्कच्या बाजारात पोचली. तिथली आपली माणसं मेदेरला बघून बिचकली म्हणे. एकाने त्याला हात लावून पाहिलं. मग त्याला सांगितलं, तुझ्या आईने तुझं कोशोक गायलं, तंबू लावला, मेंढी कापली.

परवा झापर बायकेंच्या खोलीतला फोन वाजला. ते धावत मला बोलवायला आले. मी वेणी घालत होते, तशीच गेले.

तो ओरडत होता. जिवंतपणी मला मारलंस, लोकांना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, आई आहेस की कोण आहेस. आवाज जाड झालाय त्याचा. शब्दांमधे मधूनच रशियन येतं. मी एक अक्षर बोलले नाही. मी बोलले तर तो थांबेल अशी भीती वाटत होती. घर सोडल्यापासून तो माझ्याशी एवढा वेळ कधी बोलला नव्हता. झापर बायके खिडकीकडे तोंड करून उभे होते.

मग तो दमला. मागे एक मूल काहीतरी मागत होतं.

‘आपा,’ आईला मारायची ती हाक मारून तो म्हणाला, ‘रडायला कोण कोण आलं होतं?’

मी सांगायला लागले. शेजारचा झोलदोश, त्याची आई. तुझे गणिताचे मास्तर, काठी टेकत आले. तुझ्याबरोबर शाळेत होते ते तिघे, चौथा पेटीतून परत आला म्हणून त्याचा बाप आला. नुरिला, तिचा सासरा. जिच्या बागेतली सफरचंदं तू चोरायचास ती बाई, ती सगळ्यांत मोठ्याने रडत होती. डोंगरापलीकडची एक म्हातारी, तिला मी ओळखत नाही, तूही ओळखत नाहीस. मी नावं घेत होते आणि तो प्रत्येक नावाला ‘हं’ म्हणत होता, लहानपणी गोष्ट ऐकताना म्हणायचा तसा. सफरचंदवाल्या बाईला ‘हं’ आलं नाही. मला वाटलं फोन तुटला. तुटला नव्हता.

मग म्हणाला, ‘आपा, पुन्हा माझं नाव घेऊ नकोस. कबूल कर.’

मी म्हटलं, कबूल. त्याने फोन ठेवला. कधी येणार ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

लग्नाचा हॉल आता होत नाही, साहेबांनी तसं लिहून पाठवलंय. शनिवारी दुसरा प्रयोग आहे, तिकिटं आत्ताच संपली. मधल्या दिवसांत मी तालमीला बसते, तुझीच चाल गाते, बेक्तुर म्हणते, सगळं बरोबर येतं. झापर बायके म्हणतात, शनिवारी असंच गा, त्याला शब्द दिलायस. मी हो म्हणते.

पण नेली, नाव घेतलं नाही तर तो फोन कशाला करील?

तुझी,
सोनुन एजे